न झालेला धूर

आबा, दिवाळीनंतर आपल्या गावात एक कंपनी आली आहे आणि तिच्या माणसाने आपल्या घरी आल्या आल्या चहा घेतला. मागेपुढे न बघता घेतला, वर अजून अर्धा कप मागितला. तुम्ही असता तर खूश झाला असता की सावध, याचा मी अजून विचार करते आहे. मी सावध झाले. सगळी नोकरी मी नर्स म्हणून काढली, बाटलीवरचं लेबल उजेडात धरून वाचल्याशिवाय कधी सुई भरली नाही, आणि माणसांच्या बाबतीतही माझं तसंच आहे. तुमच्या रिवाजाप्रमाणे मी त्याला आधीच सांगितलं होतं, "हा चहा गोबरगॅसवर केलाय, आणि त्या गॅसला आमचा संडास जोडलेला आहे. चालत असेल तर घ्या." तिशीच्या आतलाच पोरगा, पाठीला सॅक, गळ्यात कंपनीचं कार्ड. तो म्हणाला, "अरे वा, टाकी बघायला मिळेल का?" आपल्या ओट्यावर बसून हे ऐकल्यावर कुणी 'अरे वा' म्हटल्याचं मला आठवत नाही. ज्याला आपल्याकडून काहीतरी न्यायचं असतं तोच इतक्या लगेच पितो, असं माझ्या मनात आलं आणि मी त्याच्या सॅककडे बघत बसले.

तुम्ही ती टाकी बसवलीत तेव्हा मी मराठी शाळेतच होते, तुमच्याच हाताखाली. मला अजून दिसतं, उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. तुम्ही बंडी-पायजम्यावर खड्ड्यात उतरला आहात, गवंडी वरून विटा देतो आहे, आणि आई ओट्यावर बसून 'मास्तरांच्या डोक्यात काय शिरलंय' अशा चेहऱ्याने बघते आहे. विहिरीसारखा गोल खड्डा, त्यात पाण्यात कालवलेला शेणकाला आणि त्यावर उपडी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर उचलली जायची, स्वयंपाक झाला की हळूहळू खाली बसायची. आम्ही पोरं सकाळी उठून आधी टाकी किती वर आली ते बघायचो. शेणाबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं, पण तुम्ही त्याला नवीन बांधलेला संडास जोडलात आणि गाव हललं. मुळात संडासच गावात दोन-चार घरी, त्यात मास्तरांनी त्याच्या गॅसवर भाजी शिजवायला काढली, ही बातमी पार नेवासा फाट्यापर्यंत गेली. आपले पाहुणेसुद्धा कचरले. मामा आले की दारातूनच म्हणायचे, "दाजी, पोट लई भरलंय, येतानाच खाऊन आल्तो."

वरच्या आळीची माणसं कामाला म्हणून आपल्या बौद्धवाड्यात यायची. पोराचा दाखला, कुणाचा अर्ज लिहून द्यायचा, अशासाठी. पण आपल्या घरचं ती काही घेत नसत. पाणीसुद्धा नाही. गोबरगॅस झाल्यावर ती बोलायला लागली. "मास्तर, चहा घेतला असता हो, पन तुमचा त्यो ग्यास..." असं म्हणत हात जोडायची. एकदा ती माणसं गेल्यावर आई चिडून रडायला लागली, तेव्हा तुम्ही हसत म्हणालात, "अगं, आधी कारण न सांगता पीत नव्हते. आता बिचाऱ्यांना कारण तरी मिळालं." आईला ते अजिबात हसण्यासारखं वाटलं नाही. पुढे शाळा तपासायला आलेले साहेब घरी आले, तेव्हा तिने तुमच्या सांगण्याची वाट न बघता कप त्यांच्या हातात दिला. तुम्ही साहेबांचा कप तोंडाजवळ थांबवलात आणि संडासासकट सगळं सांगितलंत. साहेबांनी कप खाली ठेवला. आई स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आली नाही. तुम्ही आत जाऊन तिला एवढंच म्हणालात, "पिणाऱ्याला माहीत पाहिजे." मी दाराआड होते. मला तेव्हा तुमचा राग आला होता. आता मला वेगळीच शंका येते, आबा. संडास तुम्ही गॅस जास्त मिळावा म्हणून जोडलात, की कोण कशासाठी कप खाली ठेवतो ते एकदा नीट बघून घ्यावं म्हणून? विचारलं असतं तर तुम्ही 'दोन्ही' म्हणाला असता, आणि मला ते खरं वाटलं नसतं.

तर कंपनी. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत सभा झाली. बायका बऱ्याच जमल्या होत्या, कारण घरोघरी गॅसची रबरी टाकी फुकट मिळणार असं आधीच पसरलं होतं. तो मुलगा चांगलं बोलतो, हे मान्य करते. म्हणाला, "परदेशात मोठे कारखाने आहेत, विमानं आहेत, ती हवेत कार्बन सोडतात. त्याने हवा तापते, पाऊस बिघडतो, ते तुम्ही बघताच आहात. त्यांना ते सगळं एकदम बंद करता येत नाही. मग ते म्हणतात, जगात दुसरीकडे कुणीतरी तेवढाच कार्बन कमी करा, खर्च आम्ही देतो. तुमची चूल बंद झाली की तुमच्याकडचा कमी होतो, आणि तो कमी झालेला त्यांच्या नावावर धरतात."

पुढच्या रांगेत बसलेली एक म्हातारी, आपल्या पलीकडच्या घरातली, तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "म्हंजी आमच्या चुलीचा धूर त्ये इकत घेनार?"

"धूर नाही मावशी. न झालेला धूर."

"न झालेला धूर कुनी पाह्यलाय?"

बायका हसल्या. तोही हसला. मग ती म्हणाली, "आन त्यो मोजनार कोन?"

"आम्हीच मोजतो, मावशी. फोटो घेतो, किती लाकूड लागत होतं ते विचारतो, त्यावरून हिशोब निघतो."

जो विकणार तोच मोजणार, हे ऐकून मला आपल्याकडचे कारखान्यांचे ऊस कमी भरवणारे काटे आठवले. पण बायकांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना धूर नको होता, आणि तो नको असण्यात काही चूक नाही. मी आयुष्यभर बायकांच्या छातीला नळी लावून तो धूर ऐकला आहे. माझं म्हणणं एवढंच होतं की इतक्या लांबच्या माणसाला आपल्या बायकांच्या छातीची अचानक इतकी काळजी का, हे आधी कळू दे. भाऊ म्हणाला, "ताई, तू तर देवमानूस आला तरी त्याचं आधार कार्ड मागशील." व्हय, मागीन.

भावाला तुम्ही लहान सोडून गेलात. आता त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. गाया तोच बघतो, दूध डेअरीला घालतो, आणि टाकीत शेण कालवून घालायचं कामही तोच करतो. मी रिटायर होईपर्यंत नेवाशाला क्वार्टरमध्ये राहिले, सुट्टीला येऊन चहा पिऊन टाकीवर हात फिरवून परत जायचे. गावात तुमच्यानंतर काही जणांनी गोबरगॅस बसवले आणि बंद पाडले. आपला मात्र चालू राहिला, आणि मी सगळीकडे ते अभिमानाने सांगत आले. जिल्ह्याचं नाव बदललं, शाळेला नवी इमारत झाली, वरच्या आळीची पोरं आपल्याकडे बिनदिक्कत चहा पितात, त्यातल्या कुणाला ही टाकी कशाची ते विचारावंसंही वाटत नाही. टाकी मात्र तीच होती.

म्हणून कंपनीचा मुलगा टाकीभोवती फिरून आला तेव्हा मला वाटलं, आता हा तुमचं कौतुक करणार. त्याने केलंही. "त्या काळात एवढा विचार करणारा माणूस म्हणजे कमाल आहे," असं म्हणाला. मग टॅबवर बोट फिरवत म्हणाला, "पण ताई, तुमचं घर आमच्या योजनेत धरता येणार नाही. बेसलाईनला धूर लागतो. म्हणजे आधी धूर होता आणि आमच्यामुळे तो बंद झाला, असं दिसायला पाहिजे. तुमच्याकडे आधीपासूनच नाही, मग आम्ही कमी काय केलं?" मी म्हटलं, "मग आम्ही इतकी वर्षं जो होऊ दिला नाही, त्याचं काय?" तो खरोखर ओशाळला. म्हणाला, "तो कुणाच्याच नावावर नाही."

ज्याने अंगणभर धूर केला त्याच्या घरी टाकी फुकट, आणि ज्याने गावाकडून नावं ठेवून घेऊन धूर बंद केला त्याच्या घराचा हिशोबात पत्ताच नाही. मला इतका संताप आला की मी उठून आत गेले. तेवढ्यात त्याने भावाला हळूच सांगितलेलं मला ऐकू आलं. "ही जुनी टाकी तशीही गळत असणार, दादा. हा गॅस न जळता हवेत गेला ना, तर चुलीच्या धुरापेक्षा वाईट. हवा त्याने कितीतरी जास्त तापते. ही बंद करा. थोडे दिवस चुलीवर स्वयंपाक चालू आहे असं दाखवा, फोटो होऊ द्या, मग नवीन बसवून देतो." भाऊ काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्यावरच माझा संशय बसला.

त्यानंतर टाकी वर यायची थांबली. सकाळी बघावं तर जेमतेम चहापुरती उचललेली. भावजयीने गोठ्यामागे तीन दगडांची चूल मांडली आणि कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या जाळून त्यावर भाकरी आणि अंघोळीचं पाणी करायला लागली. सिलिंडर आहे घरात, पण तो सगळीकडे जपूनच वापरतात, तसा आपल्याकडेही. मी विचारलं तर भाऊ म्हणाला, "थंडीनं ग्यास कमी व्हतो." थंडीत कमी होतो हे खरं आहे, तुम्हीच सांगायचा. पण खरं कारण खोट्या कामाला सगळ्यात सोयीचं असतं. मी मनाशी पक्कं केलं की हा मुद्दाम शेण घालत नाही. आबा, मी त्याच्यावर पाळत ठेवली. सख्ख्या भावावर. तो शेण कालवायला बसला की मी काहीतरी वाळत घालायच्या निमित्ताने मागे जायचे आणि पाट्या बघायचे. तो नेहमीएवढंच घालत होता. मग मला वाटलं, मी बघते म्हणून घालतो.

एका दुपारी तो डेअरीवर गेला होता आणि भावजय विहिरीवर. मी बादलीत साबणाचं पाणी केलं. हॉस्पिटलात ऑक्सिजनचा सिलिंडर लावला की आम्ही सांध्यावर साबणाचं पाणी लावून गळती बघायचो, त्यातलाच प्रकार. त्या मुलाचं म्हणणं खोटं ठरवायचं, एवढ्याच हेतूने मी जुन्या बनियनचा बोळा बुडवून टाकीवर पिळला. वरच्या टोपीला काही झालं नाही. मला बरं वाटलं. मग कडेला, जिथे टाकी काल्यात उतरते तिथे, काळ्या रंगाखाली काहीतरी फुगवट्यासारखं हाताला लागलं. नखाने टोकरलं तर एम-सीलचा जाड थर निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली सिमेंट. पाणी लावलं आणि फुगे यायला लागले. बारीक, एकाशेजारी एक, भाजणीच्या थालीपिठाला कडेने तेल सोडल्यावर येतात तसे. मी पुढे सरकत गेले, जिथे पाणी लावीन तिथे फुगे. तुमची टाकी पूर्ण कुजली होती. किती दिवसांपासून ती न जळलेला गॅस हवेत सोडत होती कोण जाणे, आणि मी चार माणसांत सांगत होते की आमच्या घराने कधी हवा बिघडवली नाही. मी ओळखीच्या दोन-तीन शिकल्या-सवरल्या माणसांना फोन करून विचारलं. कुणीतरी म्हणावं की तो मुलगा काहीतरी ठोकून देतोय. कुणी म्हणालं नाही.

भाऊ आला तेव्हा मी तिथेच बसले होते, हातात बोळा. त्याने बघितलं आणि दुधाची किटली खाली ठेवली.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"गेल्या पावसाळ्याआधीपास्नं. त्याच्या आधी थोडं थोडं हुतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू सुट्टीला यायची, टाकीवर हात फिरवायची. आन कंपनी आल्यावर सांगितलं असतं, तर तू म्हनली असती मीच भोकं पाडली."

मी तेच म्हटलं असतं. त्याने ते अगदी साधेपणाने सांगितलं, टोमणा म्हणून नाही. म्हणूनच जास्त लागलं. तो उन्हात बसून, गायांना पाणी पाजायच्या वेळेत, त्या भोकांवर थर चढवत राहिला होता, आणि मी त्याच्या शेणाच्या पाट्या तपासत होते. वेल्डरलाही दाखवून झालं होतं. "त्यो म्हनला, आता ह्याला वेल्डिंगचा डाग लागत न्हाई, लोखंडच ऱ्हायलं न्हाई."

त्या दिवशी घरात पहिल्यांदा भावजय माझ्याशी मोठ्या आवाजात बोलली. एरवी ती माझ्यासमोर पदरसुद्धा खाली पडू देत नाही. मी म्हणत होते की नवी टाकी घ्यायची तर खरं सांगून घेऊ. कंपनीला लिहून देऊ, इथे गोबरगॅस होता, तो जुना झाला, गळायला लागला. मी त्या मुलाला फोन लावून तसं विचारलंही होतं. तो म्हणाला, "ताई, असं लिहायला जागाच नाही. धूर होता किंवा नव्हता, एवढंच आहे." भाऊ म्हणत होता, "चूल तर हायच की आता मागं. धूरबी हाय. खोटं काय त्यात?" मी म्हटलं, आहे ना खोटं. या घरात कायम चूलच होती असं होईल ते. आबा होऊन गेले हेच पुसलं जाईल. आणि नुसतं तेवढंच नाही. आपण जो धूर इतकी वर्षं केला नाही तो केला असं लिहायचं, मग तो बंद केला असं लिहायचं, आणि त्या खोट्या धुरावर तिकडे कुणाचं तरी खरं विमान उडणार. ते विमान तर खराच धूर सोडेल ना? तेव्हा भावजय म्हणाली, "ताई, आबांचं नाव आमालाबी हाय. पन त्या इमानाचं मला सांगू नका. माझं डोळं बगा." मी बघितले. नर्स म्हणून बघायला हवे होते तेव्हा बघितले नव्हते. लाल, कडेने पाणी आलेलं, आणि बोलताना मध्येच खोकला. तुम्ही ज्या कारणासाठी खड्ड्यात उतरला होता ते कारण गोठ्यामागे रोज फुंकणी घेऊन बसत होतं.

मी खूप डोकं खाजवलं. गळका गॅस थांबला तर हवेचं खरंच भलं होणार, कदाचित चूल बंद होण्यापेक्षा जास्त, आणि ते कुणी कुठे धरणार नाही. मग ते न धरलेलं एका बाजूला आणि आपलं खोटं दुसऱ्या बाजूला ठेवलं तर बरोबरी होते, असं मी स्वतःला समजावलं. समजावलं आणि लगेच त्याचाही संशय आला, कारण इतकं सोयीचं उत्तर मी दुसऱ्या कुणाचं ऐकून घेतलं नसतं. तरी मी हो म्हटलं. तुम्ही काय म्हणाला असता हे मला ठाऊक आहे, ते सांगायची गरज नाही. तुम्ही भावजयीचे डोळेही बघितले असते, आणि मग काय म्हणाला असता ते मात्र मला ठाऊक नाही.

कंपनीचा मुलगा फोटो काढायला आला. बाई चुलीपुढे बसलेली पाहिजे, धूर दिसला पाहिजे, घर मागे दिसलं पाहिजे. भावजय निघाली तर मी तिला मागे ओढलं आणि म्हटलं मी बसते, खोटं सांगायचं आहे तर घरातल्या मोठ्या माणसाने सांगावं. मला चूल पेटवता येत नाही. तुमच्याच घरात वाढले, कशी येणार? भावजयीने तुऱ्हाट्या कशा आडव्या रचायच्या ते दाखवलं, मी फुंकलं, सगळा धूर माझ्याच तोंडावर. तो मुलगा म्हणाला, "छान, ताई, अशाच बसा." लाकूड रोज किती लागतं ते त्याने विचारलं आणि भावाने काहीतरी सांगितलं.

नवी टाकी बसली. काळ्या मोठ्या पिशवीसारखी आहे, फुगते, भावजय आता बिनधुराचा स्वयंपाक करते आणि तिचा खोकला कमी झाला आहे. संडास जोडलेला नाही. कंपनीला ते चालत नाही की भावालाच नको होतं, मी विचारलं नाही. तुमची टाकी भंगारवाला येईपर्यंत जागेवरच आहे. हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. भावाला तर नाहीच. तुम्हाला पाठवायची तर सोयच नाही, आणि असती तरी मी ते पाठवलं नसतं. त्याचं कारण त्या फोटोच्या वेळचंच आहे. मुलाने मोबाईल डोळ्यांसमोर धरला, इकडे सरकला, तिकडे सरकला, आणि म्हणाला, "मागे ती जुनी टाकी येतेय. थांबा, मी दुसऱ्या बाजूने काढतो." तो खरंच दुसऱ्या बाजूला निघाला होता. मी उठले, गोठ्यातली ताडपत्री आणली, एक टोक भावाच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून तुमच्या टाकीवर पार जमिनीपर्यंत ओढली. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आबा.